निर्लेखनाच्या यादीत नसलेली वही

प्रति,
राज्यातल्या विद्यापीठांच्या आणि संशोधन संस्थांच्या निर्लेखन समित्यांचे सन्माननीय सदस्य,

स. न. वि. वि.

तुमच्यापैकी बहुतेकांना मी ओळखत नाही. एका समितीची मात्र थोडी ओळख आहे, तीही तिच्यापुढे आलेल्या, भंगारात काढायच्या वस्तूंच्या यादीमुळे. गेल्या महिन्यात अण्णांचा फोन आला. अण्णा म्हणजे पावसाच्या नोंदी ठेवणाऱ्या आमच्या डेटा सेंटरचे ऑपरेटर. निवृत्त होऊन पंधराएक वर्षं झाली, पण तिथल्या शिपायाशी त्यांची अजून घसट आहे. "खोली रिकामी करतायत," एवढंच म्हणाले आणि यादी वाचायला लागले. लोखंडी रॅक, चौदा. एअर कंडिशनर, बंद, दोन. टेप ड्राइव्ह, बंद, एक. चुंबकीय टेप, निरुपयोगी, सहाशे बारा. चार्टचे गठ्ठे, रद्दी, वजनावर. खुर्च्या, मोडक्या, सात.

मी मध्येच विचारलं, "आणि वही?"

"वही कशी असेल यादीत? ती जडसंग्रहात, म्हणजे डेड स्टॉकच्या नोंदीत, कधी चढलीच नाही."

हे पत्र त्या वहीसाठी आहे. संस्थेचं नाव मी लिहीत नाही. ती हवामान खात्याची नव्हती, एका विद्यापीठाच्या एका विभागाची होती, एवढं पुरे. शिवाय ज्या खोलीबद्दल मी लिहिणार आहे, तसल्या खोल्या राज्यात बऱ्याच आहेत. कुठे पावसाच्या नोंदी असतील, कुठे भूजलाच्या, कुठे भरती-ओहोटीच्या, कुठे पिकांवरच्या किडीच्या. तुमच्यापैकी कुणाच्या तरी टेबलावर तशी यादी आत्ताही असेल.

मी तिथे अकरा महिने होते. ऑगस्ट १९९८ ते जून १९९९. नुकतीच एमएस्सी झाले होते, विषय संख्याशास्त्र, आणि नोकरी म्हणजे 'प्रकल्प सहायक', महिना पंचवीसशे रुपये. अकराच महिने का, हे तुम्हाला सांगायला नको. बारावा महिना लागला की माणूस कायम होण्याची भाषा करायला लागतं. माझ्या आधी तिथे एक मुलगा अकरा महिने होता, त्याच्या आधी एक बाई. प्रत्येकाला काम समजायला चार महिने लागायचे, पुढचे पाच बरं काम व्हायचं आणि शेवटचे दोन दुसरी नोकरी शोधण्यात जायचे. मीही तेच केलं.

दारावर पाटी होती, 'माहिती केंद्र'. रंगवणाऱ्याला डेटा सेंटरचं मराठी कुणीतरी तसं सांगितलं असणार. त्यामुळे जून-जुलैत रांगा लागायच्या. बीएस्सीचा फॉर्म कुठे मिळेल, हॉस्टेलची यादी लागली का, मायग्रेशनला किती पैसे. अण्णा सगळ्यांना उत्तरं द्यायचे. फॉर्म कुठल्या खिडकीवर मिळतो हे त्यांना पाठ होतं. मॅडम, म्हणजे आमच्या विभागप्रमुख, पाटी बदला म्हणून दोन वर्षं पत्रं लिहीत होत्या. मी सोडली तेव्हा पाटी तीच होती.

आत जाताना चपला बाहेर. खोटी जमीन होती, दोन-दोन फुटांच्या चौकोनी फरश्या, आणि खालच्या पोकळीतून वायरी गेलेल्या. फरशी उचलायला रबरी वाट्यांचं एक हत्यार असायचं, ते दाबून चिकटवायचं आणि ओढायचं. पहिल्यांदा उचलली तेव्हा आतून पाल निघाली आणि माझ्या हातातून फरशी सुटली. अण्णा म्हणाले, "ती परमनंट आहे." मला हसू आवरेना. ती खरंच माझ्यापेक्षा जुनी होती.

रॅकवर गोल टेप, उभ्या, ग्रंथालयातल्या पुस्तकांसारख्या. अर्धा इंच रुंद, एकेका रिळावर चोवीसशे फूट. एवढ्या लांबीच्या टेपवर जेमतेम चाळीस-पंचेचाळीस एमबी मावायचं. आज मोबाइलमध्ये लग्नाचे दहा फोटो काढले की तेवढं होतं. रिळाच्या मागे एक प्लॅस्टिकचं कडं असायचं. ते बसवलेलं असेल तरच टेपवर लिहिता यायचं. काढलं की फक्त वाचता यायचं. ड्राइव्हवर टेप चढवताना अण्णा दर वेळी विचारायचे, "कडं काढलंस?" मी हो म्हटलं तरी स्वतः बोट घालून बघायचे. मला राग यायचा. पुढे कळलं की आधीच्या अकरा महिन्यांच्या मुलाने कडं न काढता एका टेपवर भलतंच काही उतरवलं होतं, आणि चार केंद्रांची नऊ वर्षं पुसली गेली होती. चार्ट होते म्हणून निभावलं.

त्या चार्टांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण यादीत ते 'रद्दी, वजनावर' आहेत.

घाटमाथ्यावर आणि घाटाच्या पायथ्याशी मिळून तीसएक ठिकाणी स्वयंलेखी पर्जन्यमापक बसवलेले होते. पाणी एका भांड्यात साठतं, त्यावर तरंगणारा फ्लोट वर चढतो, त्याला जोडलेलं पेन घड्याळावर फिरणाऱ्या ड्रमवरच्या कागदावर जांभळी रेघ ओढतं. पाऊस नसला की रेघ आडवी. रिपरिप असली की हळूहळू चढ. भांड्यात दहा मिलिमीटर भरलं की सायफन सुटतो, भांडं रिकामं होतं आणि पेन सरळ खाली शून्यावर येतं. मग पुन्हा चढायला लागतं. म्हणजे दिवसाचा पाऊस मोजायचा तर उभ्या रेघा मोजा, दहाने गुणा, शेवटचा उरलेला चढ मिळवा. कागद रोज सकाळी साडेआठला बदलायचा.

नोव्हेंबरचा चार्ट वाचायला अर्धा मिनिट. जुलैचा वाचायला कधी पाऊण तास. घाटावर रात्रीतून तीनशे मिलिमीटर पडला की तीस उभ्या रेघा, त्यातल्या बारा-पंधरा एका तासात, एकमेकींना चिकटून. नुसता जांभळा पट्टा. मी भिंग घेऊन, दाभणाच्या टोकाने एकेक रेघ मोजायचे. शाई फुटलेली असायची, कागद दमट होऊन फुगलेला. शिवाय सायफन रिकामा होत असताना वरून पडणारा पाऊस नीट मोजला जात नाही, म्हणून जोराच्या पावसात चार्ट नेहमी थोडं कमीच सांगतो. शेजारच्या साध्या पर्जन्यमापकाच्या आकड्याशी ताळा घालून दुरुस्ती करायची. हे मला कुठल्या वर्गात शिकवलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात अण्णांनी शिकवलं.

आणि चार्टाच्या मागे काहीबाही लिहिलेलं असायचं. निरीक्षक म्हणजे कुणी शाळामास्तर, कुणी धरणावरचा चौकीदार, कुणी पोस्टातला माणूस. पेन वाळले. घड्याळ बंद, चावी दिली. नरसाळ्यात पाने. एकदा 'मुंग्या' एवढाच शब्द. एका चार्टावर दोन दिवसांच्या रेघा एकमेकींवर चढलेल्या होत्या, कागद बदललाच नव्हता. मागे लिहिलं होतं, 'ओढ्याला पूर. जाता आले नाही.'

आता माझी चूक सांगते.

माझं काम होतं जुनी माहिती टेपवरून काढून पीसीवर आणण्याचं. दोन हजार साल तोंडावर होतं. जुन्या फाइली ऐंशी रकान्यांच्या, पंचकार्डांच्या काळातल्या, आणि त्यात वर्षाला दोनच रकाने. दुसऱ्यांकडे प्रश्न होता की ००चं काय करायचं. आमच्याकडे प्रश्न आणखी वाईट होता, कारण काही ठिकाणच्या नोंदी १९०१ पासूनच्या होत्या. दोन वर्षांनी ०१ म्हणजे कुठलं, हे मशीनला कसं कळणार? तेव्हा सगळ्या वर्षांना चार आकडे द्यायचे आणि ते करताना माहिती स्प्रेडशीटमधून फिरवून घ्यायची. मी हुशारीने एक मॅक्रो, म्हणजे स्प्रेडशीटमध्ये आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम, लिहिला. दोन महिन्यांचं काम नऊ दिवसांत केलं. मॅडम खूश.

आठवड्याभराने अण्णा एक प्रिंट घेऊन आले. एका केंद्राचा १९८३चा जुलै. बोट ठेवलं. ओळीने तीन दिवस शून्य. "जुलैत घाटावर निरंक? पोरी, पावसात घाटावर गेलीयेस का कधी?"

गेले नव्हते. माझ्या मॅक्रोने जिथे जिथे मोकळी जागा होती तिथे तिथे शून्य भरलं होतं. आणि मोकळ्या जागा कुठे होत्या, तर जिथे ओढ्याला पूर आला, रस्ता खचला, बाटली भरून वाहिली, ड्रम पाण्यात गेला तिथे. म्हणजे वर्षातल्या सर्वांत जोराच्या पावसाचे दिवस मी कोरडे ठणठणीत करून टाकले होते. तीस केंद्रं, काहींची नव्वद-नव्वद वर्षं. तशीच फाइल पुढे गेली असती, तर उद्या कुणीतरी त्यावरून धरणाच्या सांडव्याचं गणित केलं असतं.

शून्य पाऊस आणि नोंद नाही हे वेगळं असतं, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. माझ्याकडे संख्याशास्त्राची पदवी होती. चुकलं कुठे, तर मोकळ्या जागा अशा कुठेही पडल्या असतील असं मी धरून चालले. त्या कुठेही पडलेल्या नव्हत्या. पाऊस जितका मोठा, तितकी नोंद हुकायची शक्यता जास्त.

शेजारच्या केंद्राचा आकडा घेऊन भोक बुजवावं, तर तेही चालत नाही. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि वीस किलोमीटरवर पाचगणीला साधारण त्याचा तिसरा हिस्सा. घाटाचं जाऊ द्या, मुंबईचं घ्या. २६ जुलै २००५ तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला ७३. एकाच शहरात. समजा त्या दिवशी सांताक्रूझचं यंत्र बंद पडलं असतं आणि कुणी कुलाब्यावरून अंदाज बांधला असता. आणि हो, तो ९४४चा आकडा नोंदीत २७ जुलैच्या नावावर असतो, कारण आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि आदल्या चोवीस तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेवर लिहितात. हे ज्याला माहीत नाही तो नोंदीत सव्वीस तारीख काढून बघेल आणि म्हणेल, पूर कसला?

आमच्याकडे तर काही निरीक्षक तारीख सकाळची लिहायचे, काही आदल्या दिवसाची. कोण कुठली लिहितो हे कुठल्याच टेपवर नव्हतं. वहीत होतं.

वही म्हणजे लाल कापडी बांधणीची लांबट चोपडी, किराणा दुकानात उधारीला असते तसली. १९७४ साली सेंटर सुरू झालं तेव्हा पहिल्या ऑपरेटरने स्वतःच्या पैशाने आणलेली, मग अण्णांकडे आली. बिल नाही म्हणून नोंद नाही. पानाच्या डावीकडे केंद्राचा नंबर नाही तर टेपचा नंबर, उजवीकडे मजकूर. मला आठवतात त्या नोंदी अशा. 'केंद्र २७. गेज हलवले, शाळेमागे आंब्याखाली. आकडे कमी येतील.' त्याखाली तीन वर्षांनी वेगळ्या शाईत, 'आंबा तोडला.' 'टेप ११४. सुरुवातीला अडते. दोनदा गुंडाळून मग लाव.' 'केंद्र ९. मास्तर बदलले. नवे मास्तर रविवारी येत नाहीत, सोमवारी दोन दिवसांचा एकदम.' 'केंद्र ४, जुने. इंच-सेंट. टाइप करणाऱ्याने सेंटला सेंटिमीटर धरले आहे, वापरू नये.' इंच-सेंट तुमच्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल. दशमान पद्धत येण्याआधी पाऊस असाच लिहायचे, इंचाचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट.

केंद्र ९ची ती रविवारची नोंद बघा. ती नसेल तर आकडे सांगतात की त्या गावात रविवारी कधी पाऊस पडत नाही आणि सोमवारी दुप्पट पडतो. माझ्याच वर्गातली एक मैत्रीण असल्या आकड्यांवर आठवड्याच्या चक्राचा शोधनिबंध लिहायला निघाली होती. अण्णांनी तिला चहा पाजला आणि वही दाखवली.

माझं नऊ दिवसांचं काम निस्तरायला साडेतीन महिने गेले. अण्णा वही वाचायचे, मी चार्ट काढायचे, शून्य खोडून तिथे 'नोंद नाही'चा कोड घालायचा, कारण माहीत असेल तर ते शेवटच्या रकान्यात. त्या साडेतीन महिन्यांत मी जेवढं शिकले तेवढं दोन वर्षांच्या एमएस्सीत शिकले नव्हते. तेव्हा मात्र दुपारी तीन वाजता डोळे मिटायचे आणि अण्णांचा संथ आवाज ऐकून जीव जायचा. उगाच आता गोड करून सांगत नाही. मला ते काम आवडत नव्हतं. जूनमध्ये एका बँकेत मिळाली, लगेच गेले.

आता तुम्ही म्हणाल, बाई, हे सगळं ठीक, पण ती माहिती आता दुसरीकडे कुठेतरी असेलच की. आकडे असतील. मी सोडताना सीडीवर काढून दिले होते, दोन प्रती. त्या सीडी आज वाचल्या जात असतील तर उत्तम. पण आकड्यांबरोबर वही गेलेली नाही. आणि माझा मॅक्रो चाललेली पहिली फाइलही दरम्यान कुणीतरी 'तात्पुरती' म्हणून नेली होती. ती कुठे गेली, कुणाच्या प्रबंधात शिरली, मला माहीत नाही. ती चुकीची आहे हे ओळखायचं एकच साधन आहे, ते म्हणजे चार्ट आणि वही समोर ठेवून ताडून बघणं.

जुन्या कागदांची किंमत कधी वर येईल ते सांगता येत नाही. आपल्याच कुलाब्याचं उदाहरण आहे. तिथल्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं एकोणिसाव्या शतकाच्या चाळिशीपासून होत होती. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून आलेलं मोठं चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलं, तारायंत्रं बंद पडली. त्या वेळी कुलाब्याची माणसं डोळ्यांनी आकडे वाचून लिहीत होती, एरवी तासाला, वादळात दर पाच-पंधरा मिनिटांनी. चुंबकीय क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची (हे ते मोजायचं एकक) घसरण त्यांनी टिपली. ते वादळ नेमकं किती मोठं होतं हे मांडणारा शोधनिबंध त्या आकड्यांवरून निघाला तो २००३ मध्ये. १४४ वर्षांनी. लिहिणाऱ्यांत आपल्याकडचे शास्त्रज्ञ होते. त्या घसरणीचा अर्थ कसा लावायचा यावर अजूनही वाद चालू आहेत, आणि वाद घालता येतो कारण कागद आहे. मधल्या १४४ वर्षांत कुलाब्याला एखादी कार्यक्षम समिती येऊन गेली असती तर?

तिथल्या मंडळींची शिस्त आणखी एका गोष्टीत दिसते. मुंबईत विजेची ट्राम येणार हे कळल्यावर तिच्या प्रवाहाने चुंबकीय मोजमापं बिघडणार म्हणून अलिबागला नवी वेधशाळा उभी केली, १९०४ मध्ये. पण कुलाबा लगेच बंद केलं नाही. दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजलं, म्हणजे दोन ठिकाणच्या आकड्यांतला फरक कळावा आणि जुनी मालिका नवीला जोडता यावी. ट्राम सुरू झाली १९०७ ला. आमच्या केंद्र २७चं गेज आंब्याखाली हलवलं तेव्हा कुणी दोन दिवससुद्धा दोन्हीकडे मोजलं नाही. पण अण्णांनी वहीत दोन शब्द लिहिले, म्हणून निदान शंका तरी घेता आली.

परदेशात सगळं नीट असतं असंही नाही. चंद्रावर पहिला माणूस उतरला त्याच्या मूळ टेलिमेट्रीच्या, म्हणजे तिथून आलेल्या संदेशांच्या, टेप नासाने पुढे पुसून पुन्हा वापरल्या, असं त्यांनीच बरीच शोधाशोध करून २००९ मध्ये कबूल केलं. टेपचा तुटवडा होता म्हणे. कडं काढलं का विचारणारं कुणी नव्हतं बहुधा. उलट ओझोनचा किस्सा. अंटार्क्टिकावरचा ओझोन विरळ होतोय हे ब्रिटिशांनी हॅले नावाच्या ठाण्यावर जमिनीवरच्या साध्या उपकरणाने पकडलं आणि १९८५ मध्ये छापलं. नासाचा उपग्रह तर वरून रोज बघत होता. त्यांच्या संगणकाला सांगून ठेवलेलं होतं की १८० एककांच्या खालचा आकडा आला तर संशयास्पद म्हणून खूण कर. त्याने खुणा केल्या, आणि माणसांनी तिकडे वेळेवर बघितलं नाही. पण आकडे फेकले नव्हते. खूण करून ठेवले होते, म्हणून मागे जाऊन तपासता आलं आणि भोक खरं निघालं. माझ्या मॅक्रोने खूण केली नव्हती. सरळ शून्य घातलं होतं.

तुमची अडचण मला समजते. निर्लेखन समितीचं काम वस्तूंचं आहे. वस्तू कधी घेतली, कितीला घेतली, आज चालते का, भंगारात काय येईल. टेप चालत नाहीत हे खरं, कारण ड्राइव्ह चालत नाही. ड्राइव्ह चालत नाही कारण त्याचे सुटे भाग मिळणं केव्हाच बंद झालं. कागद जागा अडवतात. विभागाला नवी प्रयोगशाळा हवी आहे, आणि ती हवीच. मला त्या खोलीचं स्मारक नको आहे. खरं सांगायचं तर टेपबद्दल माझा फार आग्रहही नाही. बहुतेकींवरचं आम्ही उतरवून घेतलं होतं. वहीत ज्या पाच-सहा टेपांपुढे 'वाचली नाही' असं लिहिलंय तेवढ्या बाजूला काढा. आज ना उद्या त्या वाचून देणारं कुणीतरी भेटतं, देशात नाही तर बाहेर. बाकीच्या खुशाल द्या.

चार्टांचं तसं नाही. चार्ट वजनावर देऊ नका. निदान जून ते सप्टेंबरचे तरी. उरलेले आठ महिने बहुतेक आडव्या रेघाच आहेत, ते ठेवा म्हणून मी भांडणार नाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून घ्या, मागची बाजू विसरू नका. दोन विद्यार्थी बसवले आणि एक बरा मोबाइल स्टँडला लावला तर एका सुट्टीत होईल. विद्यार्थ्यांना पैसे द्या. फुकटात राबवू नका.

आणि सही करायला खोलीत जाल तेव्हा तिथे काम केलेल्या एका माणसाला बोलवा. समितीत लेखाधिकारी असतो, अभियंता असतो, भांडारपाल असतो. ज्याने त्या टेप चढवल्या-उतरवल्या तो नसतो. त्याला एक दिवसाचा प्रवासभत्ता आणि चहा द्या. तो तुम्हाला सांगेल की कुठल्या कपाटाच्या मागे काय आहे. कुठल्या गोष्टीला तुमच्या नोंदवहीत नंबर नाही हेही त्यालाच माहीत असतं. अभिलेखांचं अ, ब, क, ड वर्गीकरण तुम्ही रोज करता. अ म्हणजे कायम, ड म्हणजे वर्षभर ठेवून नष्ट करायचं. ऑपरेटरच्या कच्च्या वह्या सगळीकडे ड मध्ये जातात, तेही कुणी वर्गीकरण केलं तर. त्या अ मध्ये घाला. एवढं तुमच्या अधिकारात आहे, त्यासाठी वर पत्र लिहावं लागत नाही.

आता वहीचं काय झालं ते सांगते. ती अण्णांकडे आहे. फोन ठेवायच्या आधी त्यांनी हळूच सांगितलं. शिपायाने आवरायला घेतल्यावर ती रद्दीच्या ढिगात दिसली, त्याने अण्णांना फोन केला, अण्णा रिक्षा करून गेले आणि पिशवीत घालून घेऊन आले. पंचाहत्तरीचा माणूस, आयुष्यात संस्थेची टाचणी घरी नेली नाही, तो दोन रात्री झोपला नाही. सारखं विचारतोय, ही चोरी झाली का गं?

मी त्यांना सांगितलं, आपण समितीलाच विचारू. म्हणून विचारते. ती वही संस्थेची मालमत्ता असेल तर ती जडसंग्रह नोंदवहीत दाखवा, नंबर टाका, आणि अण्णांच्या घरून रीतसर पोच देऊन घेऊन जा. ते देतील. नोंदवहीत ती नसेल, तर तुमचं काही गेलेलं नाही.

कळावे.

आपली,
त्या खोलीतली एक माजी प्रकल्प सहायक

ता. क. वही न्याल तेव्हा मधली आठ-दहा पानं चिकटलेली आहेत, ती ओढून काढू नका. एसीचं पाणी गळून तसं झालंय. आणि १९९९ मधल्या माझ्या अक्षरातल्या नोंदींपैकी केंद्र १२ची नोंद चुकीची आहे. खाली अण्णांनी पेन्सिलने बरोबर लिहिलंय, ते धरा.